फ्राऊ लिंडनरचं पातेलं

मला बाविसाव्या वर्षापर्यंत धड चहासुद्धा करता येत नव्हता, आणि या गोष्टीचा आमच्या घरात सगळ्यांना अभिमान होता. मुखेडला आमचं कापडाचं दुकान. पुढं दुकान, मागं घर आणि वर एक खोली, जी नावाला सामानाची आणि खरं तर माझ्या अभ्यासाची होती. आप्पा सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून गादीवर बसले, की एखादं गिऱ्हाईक कापड चाचपता चाचपता विचारायचं, "आप्पा, पोरगी काय करती?" "शिकती," आप्पा म्हणायचे. हा एकच शब्द ते असा म्हणायचे की समोरच्यानं पुढं काही विचारूच नये. मायनं मला भाकरी उलटायला हाक मारली, की दुकानातून आवाज यायचा, "तिला उठवू नको. भाकरी काय, उद्याबी करता येती." माय म्हणायची, "उद्या लोकाच्या घरी जाईल, तवा तुमी जाऊन थापा मग." "थापीन की," आप्पा म्हणायचे आणि पुढचं ठाण उलगडायचे. या दोघांच्या भांडणात मी बारावी झाले, नांदेडला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाले, परभणीला जाऊन मातीचा अभ्यास केला. भाकरी मात्र राहिली ती राहिलीच.

समोर पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा सकाळी सात वाजता फडफडायला लागला की खोलीतल्या कपाटाची काच थरथरायची, आणि ती थरथरली नाही तर लाइट गेली असं आम्ही समजायचो. बाजारच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. खेड्यांतून आलेल्या बाया भाकरी बांधून आणायच्या, दुकानाच्या पायरीवर बसून खायच्या, आणि माय आतून त्यांना वरण नाहीतर अंबाडीची भाजी नेऊन द्यायची. त्यातली एखादी पुढच्या बाजारी येताना मूठभर हुलगे नाहीतर चार वाळकं पदराखालून काढून मायच्या हातात ठेवायची. आमच्याकडं भांडं कधी रिकामं परत जात नसे. हे सगळीकडंच असतं, पण माझी माय त्यात फार कडक होती. शेजारच्या शकुंतलाकाकू, म्हणजे एस.टी.तल्या कंडक्टरसाहेबांच्या मंडळी, आणि माय यांच्यात एक पितळी वाटी इतकी वर्षं ये-जा करत होती, की ती मुळात कुणाची हे दोघींनाही सांगता येत नव्हतं. काकूंचे धपाटे आले की मायचं चुरमुऱ्यांचं सुशीला जायचं. सुशीला गेलं की येसराची आमटी यायची.

एकदा मी, असेन दहा-अकरा वर्षांची, ती वाटी घासून तशीच काकूंच्या ओट्यावर ठेवून आले. मायनं मला हाताला धरून परत नेलं, वाटी उचलून आणायला लावली आणि घरी बसवून सांगितलं, "रिकामं भांडं न्हाई द्यायचं बग. रिकामं भांडं म्हंजे, तुमचं आमचं झालं, आता येऊ नका." मी म्हटलं, साखर घालून देते. "साखर कवा? घरात कुनी आजारी हाय, चूल पेटली न्हाई, तवा. हातपाय धड असून साखर घालती व्हय? आन् इकतचं तर न्हाईच. तिनं हातानं केलं, आपुन हातानं करायचं." त्यानंतर मी वाटी रिकामी नेली नाही. भरायचं काम मायचं असे, माझं फक्त नेण्याचं. हा नियम माझ्या अंगात पक्का भिनला, आणि तो पाळायला लागणारी विद्या मात्र मला कुणी शिकवली नाही.

शिष्यवृत्तीचं पत्र आलं तेव्हा जर्मनीच्या दोन भागांचा एक देश होऊन फार दिवस झाले नव्हते. मला जायचं होतं त्या पूर्वेकडच्या हाले गावी. आप्पांनी नकाशात ते शोधलं आणि बोट तसंच ठेवून मायला म्हणाले, "हे बग, इथं." मायनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "तिथं ज्वारी पिकती का?" पिकत नाही म्हटल्यावर तिनं धपाट्याचं पीठ, शेंगदाण्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि काळं तिखट असा सगळा डबा भरला. घरमालकिणीसाठी एक खण दिला. आप्पांनी पाण्यात बुडवून पाणी तापवायची विजेची कांडी दिली. पुण्याच्या एका वर्गात सहा महिने जर्मन शिकले होते, त्यात मला आगगाडीचं तिकीट मागता येत होतं आणि माझी आत्या कुठं राहते हे सांगता येत होतं. माझी आत्या मुदखेडला राहते. हे तिथं कुणी मला विचारलं नाही.

मी पोचले ती शनिवारी दुपारी. शनिवारी दुपारी तिकडं दुकानं बंद होतात आणि सोमवार सकाळपर्यंत उघडत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजही मला ते गाव आठवतं ते वासानं: शरद ऋतू होता, घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटायला लागल्या होत्या, आणि त्या ओल्या, आंबूस धुरानं गल्ल्या भरून गेल्या होत्या. खालून ट्राम जायची तेव्हा खिडकी थरथरायची. पहिल्या दिवशी तो थरथराट ऐकून मला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच रडू आलं. शनिवार आणि रविवार मी लाडवांवर काढले. सोमवारी उठून पाहते तर डब्यात नुसता चुरा.

खोली मला मिळाली होती पत्रातून ओळख झालेल्या सबिहा आपामुळं, म्हणजे सबिहाताईमुळं. ती हैदराबादची, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होती आणि दोन वर्षं याच खोलीत राहून नुकतीच विद्यापीठाच्या वसतिगृहात गेली होती. स्टेशनवर मला घ्यायला तीच आली. मी नांदेडच्या बाजारात ऐकलेली दखनी बोलायला लागले तशी तिनं माझी ट्रंक खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अगे, तू तो अपनी निकली." आमचं दोघींचं बोलणं पुढं कायम याच भाषेत झालं. वाटेत तिनं सगळं समजावलं: घरमालकीण म्हणजे फ्राऊ लिंडनर, आपल्या भाषेत लिंडनरबाई, वय साठीच्या आतबाहेर, एका कारखान्याच्या भोजनालयात तीस वर्षं स्वयंपाकीण होत्या, कारखाना बंद पडला, आता घरीच असतात. मुलगा आणि मुलगी दोघंही कामासाठी पश्चिमेकडं गेलेली. पहिला महिना एकमेकींना बघून घ्यायचं आणि मग त्या खोली भाड्यानं दिल्याच्या कागदावर सही करणार. "वो कागज बहुत जरूरी है," आपा म्हणाली. त्या सहीशिवाय पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणीशिवाय शिष्यवृत्ती सुरू होणार नाही, आणि वसतिगृहात तर वसंत ऋतूपर्यंत एकही जागा नव्हती. म्हणजे फ्राऊ लिंडनर नको म्हणाल्या, तर मला ट्रंक उचलून मुखेडला परत जावं लागणार होतं.

फ्राऊ लिंडनर उंच होत्या आणि कमी बोलायच्या. मी खण दिला तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, त्याचे काठ बोटांनी तपासले आणि माझ्याकडं बघून मान हलवली. त्या खाली राहायच्या, मी जिन्यानं वर. स्वयंपाकघर त्यांचं, मला वापरायची मोकळीक होती, पण तिथला तो पांढरा, बटणांचा, खाली भट्टी असलेला चुला पाहून मी पहिल्याच दिवशी हात जोडले. सोमवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. दार उघडेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या. उंबऱ्याशी एक लहानसं निळं पातेलं होतं, वर दुमडलेला पांढरा रुमाल, आत बटाट्याची दाट, गरम, ओव्याच्या भावंडासारखा कसलासा वास येणारी आमटी. त्यात मांस नव्हतं. आपानं त्यांना माझं शाकाहाराचं सांगून ठेवलं होतं. तीन दिवस लाडू खाल्लेल्या माणसाला त्या आमटीची चव कशी लागली असेल ते मी सांगत बसत नाही. पातेलं मी बोटानं पुसून खाल्लं, मग बेसिनच्या नळाखाली घासलं, कोरडं केलं आणि खिडकीत ठेवलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता हे भरून द्यायचं आहे.

आज ही गोष्ट मी माझ्या भाचीला सांगितली. ती परदेशात, तिबिलिसीला डॉक्टरकी शिकते. मी आता राहते त्या लातुरात डॉक्टर व्हायला निघालेली पोरं चौकाचौकांतल्या शिकवणीवर्गांच्या फलकांवरून हसत असतात; तिचाही फोटो एका फलकावर चार महिने होता. ती मला व्हिडिओ कॉलवर विचारते, "आत्या, मोहरी तडतडेना, काय करू?" आणि मी लातुरातून तिच्या कढईत बघून सांगते, "तेल तापू दे अजून." तिला माझं म्हणणं पटेना. "पण आत्या, सरळ जाऊन द्यायचं ना भांडं. थँक यू म्हणायचं." बरोबर आहे तिचं. पण मायनं मला हाताला धरून परत नेलं होतं, तिला नाही.

मी विचार केला नाही असं नाही. चटणी द्यावी तर ती मायच्या हातची, माझ्या नाही. शिवाय मुखेडची चटणी खाऊन त्या बाईला काही झालं असतं तर सही कुणी केली असती? सफरचंदं द्यावीत तर त्यांच्याच परसात सफरचंदाची दोन झाडं वाकली होती. बुधवारी पुन्हा टकटक झाली आणि पांढऱ्या वाडग्यात दुधात शिजवलेला भात आला, वर दालचिनी आणि साखर. मी तो जवळजवळ रडत खाल्ला, कारण तो खिरीसारखा लागत होता. वाडगा पातेल्याशेजारी गेला. शुक्रवारी एका पसरट पत्र्याच्या डब्यात आलुबुखारांचा केक आला. तिन्ही भांडी मी रोज सकाळी पुसायची, खिडकीत ओळीनं मांडायची आणि त्यांच्याकडं पाठ करून अभ्यासाला बसायची.

शनिवारी दुपारी मी धीर केला. दुकानं बंद व्हायच्या आत आणलेला रवा, साखर आणि दूध प्लास्टिकच्या बादलीत घातलं आणि आप्पांची कांडी त्यात सोडली. आपण शिरा करतोय अशी माझी समजूत होती. आधी दूध उतू गेलं, मग कांडीला रवा चिकटला, मग जळका वास आला, आणि मग खालून रेडिओ बंद पडला, जिन्यातला दिवा गेला, आणि सगळं घर एकदम गप्प झालं. फ्यूज उडाला होता. तळघराच्या पायऱ्यांवर फ्राऊ लिंडनरांची पावलं वाजली. थोड्या वेळानं रेडिओ पुन्हा सुरू झाला. त्या वर आल्या नाहीत. मी बादली पलंगाखाली ढकलली आणि त्यांच्यासमोर जायला लागू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून पहाटेच घराबाहेर पडायला लागले.

आणि मग टकटक थांबली. सोमवारी नाही, बुधवारी नाही, शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मी पाव आणि दही खायची, आणि हे झालं ते बरोबरच झालं असं स्वतःला सांगायची. तीन भांडी गिळून बसलेल्या आणि वर घराचा फ्यूज उडवलेल्या मुलीला कोण काय म्हणून वाढेल? महिना भरायला आठ दिवस उरले होते. नाक्यावरच्या बूथमधून मी दुकानात फोन लावला. मागं गिरणी चालू होती. आप्पांनी माझा एकच शब्द ऐकला आणि विचारलं, "आवाज बारीक का येऊन राहिला गं?" सर्दी झालीय म्हटलं. "जमत नसंल तर ये माय परत," ते म्हणाले. "कोन हसत न्हाई. हसलं तर मी हाय की." माझी पोरगी शिकती, असं भरल्या दुकानात म्हणणारा माणूस हे म्हणत होता. मी म्हटलं, जमतंय आप्पा, लई चांगलं हाय सगळं, आणि कार्ड संपायच्या आत फोन ठेवून दिला.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी झाकण होतं. निळ्या इनॅमलचं, काळ्या मुठीचं, नुसतं झाकण, उताणं ठेवलेलं आणि रिकामं. मी ज्या घरातून आले होते त्या घरात याचा एकच अर्थ होत होता. तुमचं आमचं झालं, आता येऊ नका. आणि तेही पुरतं भांडंसुद्धा नाही, नुसतं झाकण. अपमान करायला या बाईनं आमच्या मुखेडची भाषा कुठून शिकून घेतली, असंही मला वाटून गेलं. मी झाकण आत घेतलं, दार लावलं आणि ट्रंक ओढून कपडे भरायला लागले. अर्धी भरली आणि मग सबिहा आपाला सांगितल्याशिवाय जाणं बरं नव्हे म्हणून तिच्या वसतिगृहात गेले.

ती कांदा चिरत होती. "इत्ता मू कायकू लटकाई?" तिनं विचारलं. मी पातेल्यापासून झाकणापर्यंत सगळं सांगितलं. आपाला काही समजावून सांगावं लागलं नाही. "हौ," ती म्हणाली, "हमारे में बी खाली बरतन नै लौटाते. अम्मी जूता लेके दौडते." मग तिनं सुरी खाली ठेवली. "पन पोट्टी, बुढ्ढी कू ये कौन बोलना? उनकू क्या मालूम तेरी माँ का कानून?" मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग, त्यांनी झाकण ठेवलंय. आपानं कपाळाला हात लावला. "इतवार कू मैं आतूं. सब बरतन लेके नीचे बैठ. ट्रंक कू हात नक्को लगा तब तक."

रविवारी चार वाजता आम्ही खाली गेलो. फ्राऊ लिंडनरांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच बसत होते. रेडिओवर मायचा खण घडी मोडून, काठ पुढं येतील असा पसरला होता. टेबलावर कॉफी होती, एक टोपली बटाट्यांची होती, आणि एका बाजूला माझा तो कागद, सहीची जागा कोरी. मी पिशवीतून पातेलं काढलं, वाडगा काढला, पत्र्याचा डबा काढला आणि शेवटी झाकण. सगळं टेबलावर मांडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भांडी रिकामी परत करत होते, आणि माझी मान वर होत नव्हती. फ्राऊ लिंडनरांचा चेहरा उतरला. त्यांनी आपाला काही विचारलं. आपा म्हणाली, "पूछ रै, पसंद नै आये क्या बरतनां?"

मग आपानं सांगायला सुरुवात केली. जर्मन बोलताना तिचे हात हैदराबादचेच असायचे. मला मधलेमधले शब्द कळत होते: आई, हात, भरलेलं, रिकामं. बादलीतला शिरा आणि कांडी आली तेव्हा फ्राऊ लिंडनरांनी माझ्याकडं असं बघितलं, की आता मात्र संपलं असं मला वाटलं. पण त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. तीस वर्षं मोठ्या स्वयंपाकघरात काढलेल्या बाईसारखे त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. साखर का चालत नाही? विकतचा पाव चालेल का? समोरच्यानं काय दिलं त्याच्या तोलाचंच द्यावं लागतं का? मी सांगत गेले, आपा ते जर्मनमध्ये सांगत गेली, आणि शेवटी त्यांची नजर झाकणावर गेली.

मग त्या बोलल्या. आपा एक एक वाक्य ऐकून मला सांगत होती. झालं होतं ते असं. मी यायच्या आधी आपानं त्यांना सहज सांगितलं होतं, की या मुलीच्या घरात ज्या भांड्यात मांस शिजलं त्यातलं खात नाहीत. तेव्हा फ्राऊ लिंडनरांनी माझ्यासाठी म्हणून नवी भांडी आणली होती, तीन. ती तिन्ही मी खिडकीत मांडून बसले. चौथं नव्हतं, म्हणून टकटक थांबली. त्यांच्या जुन्या भांड्यांत करून ते नव्यातलं आहे असं मला भासवणं त्यांना शक्य होतं. मला कधी कळलंही नसतं. त्यांनी ते केलं नाही. आणि भांडी परत येईनात, मी पहाटे तोंड चुकवून जाते, हे पाहून त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला, की ही मुलगी संसार जमवते आहे. दुसरीकडं राहायला जाणार आहे. मुलगा असाच गेला होता, मुलगीही. आधी एक एक वस्तू खोलीत जाते आणि मग माणूस जातं. इथून सगळेच जातात.

"मग ते झाकण?" मी विचारलं.

आपानं त्यांना विचारलं. फ्राऊ लिंडनरांनी पातेलं पुढं ओढलं, झाकण उचललं आणि त्यावर बसवलं. ते नीट बसलं. आपा म्हणाली, "बोल रै, पतीली ले जा रई थी ना तू. ढक्कन के बिना पतीली का क्या करती बोलके, ढक्कन बी रख दिये."

मी त्यानंतर जगात बरीच मोठी माणसं पाहिली. ज्यांच्या हाताखाली शिकले ते विद्वान होते, ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले काही फार दिलदार होते. पण आपलं नवं पातेलं कुणी घेऊन चाललंय असं वाटल्यावर, त्याचं काही अडू नये म्हणून मागून झाकण आणून ठेवणारी बाई मला दुसरी भेटली नाही. मायनं मला देण्याघेण्याचा कायदा शिकवला होता आणि तो मी मोठ्या अक्कलहुशारीनं पाळत होते. आणि ही बाई, जिला तो कायदा ठाऊकही नव्हता, ती त्याच्या कितीतरी पुढं निघून गेली होती. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तसं केलं असतं तर त्या घाबरल्या असत्या, म्हणून मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले आणि आपाची मदत न घेता, त्यांच्या भाषेत, व्याकरणाची पर्वा न करता म्हणाले, "मी जाणार नाही. मला इथं राहायचं आहे. मला फक्त काही करता येत नाही."

फ्राऊ लिंडनर उठल्या. खुंटीवरचं एप्रन काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातलं, मागं गाठ मारली, बटाट्यांची टोपली माझ्यापुढं ढकलली आणि सुरी हातात दिली. मी पहिला बटाटा घेतला. जोर लावून, मन लावून सोलला. सोलून झाला तेव्हा तो लिंबाएवढा उरला होता. फ्राऊ लिंडनरांनी टेबलावरचा सालीचा एक जाड तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, तो उलटून पाहिला, माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे आपाला काहीतरी म्हणाल्या. आपा हसायला लागली आणि तिला बोलता येईना.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"बोल रै," आपा डोळे पुसत म्हणाली, "इसकू सिखाने कू तो बरसां लगते. वो कागज इधर दे बोल रै, दस्तखत करतीं."